रानाचा परवाना

मार्गशीर्ष लागला आणि भाताची झोडणी उरकली, म्हणजे मुंबई-पुण्याकडील मंडळींना पेण-रोह्याच्या डोंगरांची आठवण होते. रोहा हें कोंकण रेल्वेचें आरंभस्थान. त्यामुळें येणें-जाणें सोपें. कोलाडला कुंडलिकेच्या काठीं तंबू उभे राहतात, फणसाडच्या रानाच्या फाटकाशीं पहांटेपासून गाड्या येऊन थांबतात, आणि अलीकडे तर रानांत, उघड्या आभाळाखालीं, लग्न लावण्याची हौस सुशिक्षित घरांतूनहि दिसूं लागली आहे. मग विचारणा सुरू होते. रान पाहण्यास परवाना कोणाचा? रात्रीं तंबूंत राहावयाचें तर कोणाला विचारावें? मांडव घालावयाचा तर अर्ज कोणत्या कचेरींत द्यावा? उत्तर असें मिळतें कीं, पहिल्या गोष्टीची सोय आहे, दुसरीची ठरलेल्या जागींच आहे, आणि तिसरीला कायद्यांत जागा नाहीं. कांहीं जण मुकाट्यानें परततात, कांहींना राग येतो. रान सरकारचें म्हणजे अखेर लोकांचें. मग लोकांनाच तेथें आडकाठी कां, असा त्यांचा सवाल असतो.

सवाल वाजवी आहे. परंतु या डोंगरांत तो प्रथम विचारला गेला तो आज नव्हे, आणि सहलीस आलेल्या पाहुण्यांकडूनहि नव्हे. शंभर-सव्वाशें वर्षांहून अधिक काळ येथील कातकरी, ठाकूर, आगरी आणि कुणबी कुटुंबें तोच सवाल विचारीत आलीं आहेत. आणि त्यांचें विचारणें हौसेसाठीं नव्हतें, चुलीसाठीं आणि शेतासाठीं होतें. म्हणून आजच्या परवान्याचा अर्थ समजावयाचा असेल, तर त्याचा मागचा इतिहास पाहिला पाहिजे. तो पाहतांना तीन गोष्टींवर नजर ठेवावी: रान कशासाठीं राखलें, परवाना कोणीं दिला, आणि तो कोणाला मागावा लागला.

पेण आणि रोहा हे रायगड जिल्ह्यांतील शेजारचे तालुके. १९८१ पर्यंत या जिल्ह्याचें नांव कुलाबा असें होतें. पेणजवळून भोगावती वाहते, रोह्याच्या कडेनें कुंडलिका; आणि अंबा नदी नागोठण्यावरून धरमतरच्या खाडीकडे जाते. खाडीच्या बाजूला खारेपाट, मिठागरें आणि भातशेती. वरच्या बाजूला सह्याद्रीच्या सोंडा. सांकशी, अवचितगड, सुरगड, घोसाळगड हे किल्ले या रानांच्या माथ्यावर उभे आहेत. राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झालेलें रान मात्र या जिल्ह्यांत कोठेंहि नाहीं. जवळचीं आहेत तीं अभयारण्यें: पेणहून पनवेलकडे जातांना लागणारें कर्नाळा, आणि रोह्याच्या नैर्ऋत्येस, मुरूड व रोहा तालुक्यांच्या डोंगरांत पसरलेलें फणसाड. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य यांच्या नियमांत फरक आहे. तो पुढें येईलच.

परवाना हा शब्द फारसी. दफ्तरांत त्याचा अर्थ वरून खालीं आलेला लेखी हुकूम. रान तोडण्यास असा हुकूम लागावा, हा विचार इंग्रजांनीं प्रथम आणला अशी अनेकांची समजूत असते. ती खरी नाहीं. इ. स. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्य यांनीं लिहिलेल्या आज्ञापत्रांत आरमाराच्या प्रकरणीं याचा स्पष्ट उल्लेख आहे. गलबतांना फळ्या, सोट आणि डोलकाठ्या लागत. त्यासाठीं थोर लांकूड हवें. राज्यांतील अरण्यांत सागवानादि झाडें आहेत, त्यांपैकीं जीं उपयोगीं पडतील तीं हुजुरास लिहून, हुजूरच्या परवानगीनें तोडावीं, असा तेथें दंडक घातला आहे. आंबा आणि फणस हींहि आरमाराच्या कामाचीं झाडें. पण त्यांना हात लावूं नये, कारण तीं वर्षां-दोन वर्षांत होत नाहींत, रयतेनें तीं लेंकरांसारखीं वाढविलेलीं असतात. एखादें झाड अगदींच जीर्ण झालें असेल, तर धन्याची समजूत घालून, त्याला मोल देऊन, त्याच्या संतोषानें तें तोडावें.

या दंडकांत परवाना मागावयाचा आहे तो कोणीं? आरमाराच्या कारभाऱ्यानें. कुणब्याच्या अंगणांतला फणस हवा असेल, तर सरकारी माणसानें कुणब्याचें मन वळवावयाचें. म्हणजे ज्याच्या हातीं कुऱ्हाड आणि सत्ता दोन्हीं आहेत, त्यालाच येथें विचारणें भाग आहे. प्रत्यक्षांत हा नियम प्रत्येक वेळीं पाळला गेला असेल असें कोणी म्हणणार नाहीं. कुलाब्याच्या किनाऱ्यावर आंग्र्यांचें आरमार बलाढ्य होतें, आणि आरमार म्हटलें कीं सागाची भूक आलीच. तरी नियमाचा रोख ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. कारण पुढील दीडशें वर्षांत तो नेमका उलटला.

पेशवाई १८१८ सालीं बुडाली आणि १८४० सालीं आंग्र्यांचें कुलाबा संस्थानहि इंग्रजांनीं खालसा केलें. मुंबईच्या गोदींत जहाजें बांधलीं जात होतीं. पुढें लोहमार्गाच्या पट्ट्यांखालीं घालावयास लांकडी दांडे लागूं लागले. १८४७ सालीं डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन यांची मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. हे गृहस्थ मूळचे शस्त्रवैद्य. पुण्याजवळच्या दापोडी येथील सरकारी वनस्पतिबागेचे ते प्रमुख होते. बेसुमार तोडीनें झरे आटतील आणि नद्या गाळानें भरतील, अशी चिंता त्यांच्या काळच्या जाणत्या अधिकाऱ्यांना वाटत होती, आणि ती खोटी नव्हती. परंतु चिंतेबरोबर महसुलाची गणितेंहि आलीं. १८६५ सालीं पहिला वनकायदा झाला आणि १८७८ सालीं दुसरा, अधिक कडक. या दुसऱ्या कायद्यानें रानाचे वर्ग पाडले: राखीव, संरक्षित आणि ग्रामवन. राखीव रानांत जें करण्यास स्पष्ट मोकळीक दिलेली नाहीं तें सारें मना, हें त्याचें मुख्य सूत्र.

हें सूत्र पेण-रोह्याच्या शेतकऱ्याच्या अंगणांत कसें येऊन पडलें, हें समजण्यास राब म्हणजे काय हें माहीत पाहिजे. कोंकणांत भाताचें रोप तयार करण्यापूर्वीं रोपाची जमीन भाजतात. शेण, झाडांच्या कोंवळ्या फांद्या, गवत आणि पाला यांचे थर अंथरून त्यांवर माती पसरतात आणि उन्हाळ्याच्या अखेरीस तें पेटवून देतात. तणाचें बीं जळतें, जमीन भुसभुशीत होते, राखेचें खत मिळतें. यासाठीं ऐन, किंजळ वगैरे झाडांचा टहाळ लागतो, आणि तो डोंगरांतून आणावयाचा ही पिढ्यांची रीत. राखीव रानाची हद्द पडली आणि हाच टहाळ चोरीचा माल ठरला. गुरें हद्दीपलीकडे गेलीं कीं कोंडवाड्यांत. तीं सोडवून आणण्यास दंड. लांकूड हलवावयाचें तर पास पाहिजे, ओंडक्यावर हातोड्याचा शिक्का पाहिजे, नाक्यावर तपासणी पाहिजे.

कातकऱ्यांची गोष्ट याहून कठीण. खैराच्या लांकडापासून कात काढणारे म्हणून ते कातोडी किंवा कातकरी. त्यांच्या नांवांतच त्यांचा धंदा आहे. खैर सरकारच्या शिक्क्याखालीं गेला, तसा तो धंदा त्यांच्या हातून सुटत गेला आणि नांव तेवढें उरलें. मग कोळसा पाडणें, लांकूडतोड करणें, दुसऱ्याच्या शेतावर राबणें हेंच नशिबीं आलें. ज्या रानांत बापजाद्यांनीं भट्ट्या लावल्या, त्याच रानांत ते आतां ठेकेदाराचे मजूर म्हणून शिरूं लागले. परवाना ठेकेदाराच्या नांवें असे.

या गाऱ्हाण्यांचा बोभाटा इतका झाला कीं, ठाणें आणि कुलाबा जिल्ह्यांतील रानांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठीं १८८५ सालीं सरकारला एक कमिशन नेमावें लागलें. १८८७ सालीं त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. राबासाठीं टहाळ किती लागतो, तो कोठून घ्यावा, चराई कोठें मोकळी ठेवावी, खाजगी वरकस जमिनींतील झाडांवर हक्क कोणाचा, असल्या बारीकसारीक गोष्टींचा त्यांत खल आहे. कांहीं सवलती मिळाल्याहि. पण तत्त्व बदललें नाहीं. पूर्वीं जो वहिवाटीचा भाग होता तो आतां मेहेरबानीचा झाला. आणि मेहेरबानी आज दिली तशी उद्यां काढतां येते.

दळी हें त्याचें बोलकें उदाहरण. दळी म्हणजे डोंगरउतारावरील जमिनीचा तुकडा. त्यावरचें झाडझुडूप साफ करून, तें जाळून, त्या राखेंत नाचणी-वरी पिकवावयाची. वनखात्यानें असे तुकडे कुलाबा जिल्ह्यांतील कातकरी व ठाकूर वस्त्यांना खंडानें दिले. कागदावर नांव बहुधा गटांतील एखाद्या म्होरक्याचें लागे. कसणारीं कुटुंबें अनेक असत. म्होरक्या गेला, कागद फाटला, हद्दीची खूण पुसली, तरी कुटुंबें कसतच राहिलीं. तीन-चार पिढ्यांनंतर त्यांच्या नातवंडांना कोणी विचारलें कीं तुमचा पुरावा काय, तर त्यांना दाखवावयास हाताचे घट्टे आणि बांधाचे दगड यांपलीकडे फारसें कांहीं नव्हतें. पेण-रोह्याच्या डोंगरांतील दळीचा प्रश्न इंग्रज गेल्यावरहि अनेक वर्षें लोंबकळत राहिला तो यामुळें.

इंग्रजी मुलुखाच्या सीमेपलीकडे, मुरूडच्या बाजूला, जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबांचें संस्थान होतें. आजच्या फणसाड अभयारण्याचा मोठा भाग तेव्हां नबाबांच्या शिकारीसाठीं राखलेला होता. तेथें राखण होती ती सागाची नव्हे, महसुलाचीहि नव्हे. ती राजाच्या नेमाची. बिबळ्या, सांबर, भेंकर हे धन्याचे. इतरांनीं त्यांना हात लावूं नये. गंमत अशी कीं, याच राखणीमुळें तें रान बऱ्याच अंशीं टिकलें. हिंदुस्थानांतील पुष्कळ अभयारण्यांचा पूर्वेतिहास असाच आहे. एका माणसाच्या चैनीसाठीं राखलेलें रान पुढें सर्वांच्या ठेव्यासाठीं उपयोगीं पडलें. १९४८ सालीं जंजिरा संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें आणि राजाचा परवाना संपला.

त्यापूर्वीं अठरा वर्षें कुलाबा जिल्ह्यानें रानाच्या परवान्यापायीं रक्त सांडलेलें पाहिलें होतें. १९३० सालीं देशभर मिठाचा सत्याग्रह झाला. पेण-उरणच्या मिठागरांच्या मुलुखाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाहीं. पावसाळा लागतांच मीठ पिकेना; तेव्हां लोकांनीं दुसरा अन्यायी कायदा शोधला, तो रानाचा. १० जुलै रोजीं वऱ्हाडांत पुसद येथें लोकनायक बापूजी अणे यांनीं राखीव रानांतील गवत परवान्यावांचून कापलें आणि अटक करून घेतली. गवताची एक पेंढी हा त्या दिवशींचा गुन्हा. तेथून ही चळवळ महाराष्ट्रभर पसरली.

२५ सप्टेंबर १९३० रोजीं, आजच्या उरण तालुक्यांतील चिरनेर येथें, अक्कादेवीच्या डोंगराशीं आसपासच्या गांवांतील शेतकरी आणि कातकरी जमले. कोयते घेऊन रानांत शिरावयाचें आणि परवान्यावांचून झाडाला हात लावावयाचा, एवढाच त्यांचा बेत. पोलिसांनीं गोळी घातली. आठ सत्याग्रही मारले गेले. तेथें हजर असलेले मामलेदारहि त्या दिवशीं प्राणास मुकले. हुतात्म्यांच्या यादींत नाग्या महादू कातकरी हें नांव आहे. ज्याच्या जमातीच्या नांवांत खैराचा कात आहे, त्याच जमातीचा हा तरुण रानाच्या हक्कासाठीं पडला. चिरनेर पेणपासून दूर नाहीं. रानाच्या परवान्याची गोष्ट या भागांत केवळ कचेरीची गोष्ट मानली जात नाहीं, याचें हें कारण.

स्वातंत्र्य आलें आणि राखणीचा हेतु हळूहळू बदलूं लागला. येथें जगाकडे क्षणभर पाहिलें पाहिजे, कारण राष्ट्रीय उद्यान ही कल्पना बाहेरून आली. अमेरिकेंत १८७२ सालीं यलोस्टोन हें पहिलें राष्ट्रीय उद्यान झालें. सृष्टीचें वैभव कोणा एकाच्या मालकीचें न करतां लोकांच्या आनंदासाठीं राखावें, हा त्यामागील विचार उदात्त होता. पण त्या भूमींत पूर्वापार राहणाऱ्या शोशोनी वगैरे रहिवाशांना तेथून दूर करण्यांत आलें, हेंहि तितकेंच खरें. म्हणजे उद्यानाच्या जन्माबरोबरच त्याचें दुखणेंहि जन्मलें: पाहुण्याला दार उघडलें आणि घरच्याला बाहेर काढलें. आपल्याकडे पहिलें राष्ट्रीय उद्यान १९३६ सालीं हिमालयाच्या पायथ्याशीं झालें. तें तेव्हां हेली आणि आज कॉर्बेट या नांवानें ओळखलें जातें. मुंबई राज्यानें १९५० सालीं राष्ट्रीय उद्यानांचा स्वतंत्र कायदा केला. बोरिवलीचें उद्यान त्याच विचारांतून उभें राहिलें. ताडोबा १९५५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें. कर्नाळा पक्षी अभयारण्य १९६८ चें, आणि फणसाड १९८६ चें.

या दोन तारखांच्या मध्यें १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि आजचा परवाना मुख्यतः त्याच्यावर उभा आहे. त्याचीं कलमें वाचलीं म्हणजे पुष्कळ गैरसमज दूर होतात. सत्ताविसावें कलम अभयारण्यांत परवान्यावांचून कोणाला जातां येतें तें सांगतें: कामावरील सरकारी नोकर, आंत राहण्याची मुभा मिळालेला माणूस, आंत ज्याची स्थावर मिळकत आहे असा माणूस, सार्वजनिक हमरस्त्यानें जाणारा वाटसरू, आणि यांचीं अवलंबून असलेलीं माणसें. पेणहून मुंबईस जाणारी गाडी कर्नाळ्याच्या रानांतून जाते. तिला कोणी अडवीत नाहीं, तें या वाटसरूच्या हक्कानें. मात्र गाडी रस्त्यावर आहे तोंवरच. उतरून रानांत शिरलें कीं परवाना हवा.

अठ्ठाविसावें कलम परवाना कशासाठीं देतां येतो तें सांगतें. वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन, आणि आंत राहणाऱ्या माणसाशीं कायदेशीर व्यवहार. हीं पांच कारणें. २०२२ च्या दुरुस्तीनें छायाचित्रणाच्या जोडीला चित्रपटाचें चित्रीकरण आलें, पण रानाच्या घडणींत कसलाहि बदल होतां कामा नये या अटीवर. परवाना देण्याचा अधिकार राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचा. त्यांची कचेरी नागपुरास आहे. रोजच्या भेटींसाठीं तेथवर जावें लागत नाहीं. फाटकावरच नांव नोंदवून व शुल्क भरून दिवसाची भेट घेतां येते. अंधार पडण्यापूर्वीं बाहेर यावयाचें. तंबूची हौस असेल तर फणसाडच्या सुपेगावच्या बाजूस वनखात्याची सोय आहे. मनाला येईल त्या पाणवठ्याशीं राहुटी मारतां येत नाहीं, आणि याचें कारण उघड आहे. फणसाडांत पाण्याच्या जागांना गाण म्हणतात. उन्हाळ्यांत सारें रान त्या थोड्या गाणींवर जगतें. माणूस रात्रभर तेथें ठाण मांडून बसला, तर तहानलेलें सांबर कोठें जावें?

लग्नाचें कारण या पांचांत नाहीं. पर्यटनाच्या नांवाखालीं तें बसवितां येईल काय, असें कोणी चतुर माणूस विचारील. पण पुढचीं कलमें पाहावीं. एकोणतिसावें रानांतील वनस्पति तोडूं देत नाहीं. मग मांडवाच्या मेढी कोठून आणाव्या? तिसावें रानाला धोका पोंचेल अशी आग पेटवूं देत नाहीं. मग आचाऱ्यांच्या चुली कोठें मांडाव्या? एकतिसावें पूर्वपरवानगीशिवाय शस्त्र नेऊं देत नाहीं, बत्तिसावें स्फोटक पदार्थांचा वापर करूं देत नाहीं. म्हणजे फटाके आणि दारूकाम बंद. जनावरांना त्रास देणें आणि कचरा टाकणें या गोष्टी सत्ताविसाव्या कलमांतच मना केलेल्या आहेत. वाजंत्री, दिव्यांची रोषणाई, पाचशें पानांची पंगत वजा केल्यावर उरतें तें शांतपणें रान पाहून येणें. आणि त्यासाठीं परवाना आहेच. वऱ्हाडाला अभयारण्याबाहेर, स्वतःच्या अगर भाड्याच्या जमिनीवर, मांडव घालण्यास कोणी मना करीत नाहीं; तेथें गांवाचे आणि ध्वनीचे नियम पाळले म्हणजे झालें.

अमेरिकेंत लग्नासाठीं विशेष परवाना मिळतो, हें ऐकून कांहींना आपले नियम जाचक वाटतात. परवाना मिळतो हें खरें. पण त्याला जागा, वेळ आणि माणसांची संख्या बांधून दिलेली असते. अनेक उद्यानांत तर वधूवरांवर तांदूळ उधळण्याचीहि मनाई आहे, कारण ते पांखरांच्या व जनावरांच्या पोटांत जातात. अक्षतांवांचून लग्न ही कल्पना आपल्याला पटणार नाहीं. तरी त्यामागील विचार समजण्यासारखा आहे. रान हें यजमान आहे, आणि पाहुण्यानें यजमानाच्या घरची रीत पाळावयाची असते.

अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांतील फरक येथें सांगावयास हवा. प्रवेशाचे नियम दोहोंना जवळजवळ सारखेच. फरक आहे तो रहिवाशांच्या हक्कांत. अभयारण्यांत कांहीं जुने हक्क, कलेक्टरनें मुख्य वन्यजीव रक्षकांच्या सल्ल्यानें मान्य केल्यास, चालूं राहूं शकतात; चराईला बंधन असतें, पण ती सरसकट बंद नसते. राष्ट्रीय उद्यानांत मात्र गुरांना चराई नाहीं, आणि उद्यान जाहीर करण्यापूर्वीं हक्कांचा निकाल लावून ते सरकारकडे घ्यावे लागतात. पेण-रोह्याच्या वाड्यांना हा फरक पुस्तकी वाटत नाहीं. गाय कोठें चरेल, मोळी कोठून येईल, तें त्यावर ठरतें.

एवढ्यावर गोष्ट संपली असती, तर १८७८ चाच अन्याय नव्या चांगल्या कारणासाठीं पुढें चालू राहिला, असें म्हणावें लागलें असतें. सागाऐवजीं शेकरू, महसुलाऐवजीं निसर्ग. पण अडविला जाणारा माणूस तोच. ही चूक संसदेनें २००६ सालीं उघडपणें मान्य केली. त्या वर्षींच्या वनहक्क कायद्याच्या प्रारंभींच म्हटलें आहे कीं, वनवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वींपासून आदिवासी कुटुंब रानांतील जमीन कसत असेल, तर तिच्यावर त्याचा हक्क. इतरांना तीन पिढ्यांचा म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. गौण वनोपज, चराई, पाणवठे आणि परंपरेनें चालत आलेले इतर हक्क यांनाहि त्यांत मान्यता आहे, शिकारीला नाहीं. मुख्य म्हणजे हा कायदा अभयारण्यें आणि राष्ट्रीय उद्यानें यांनाहि लागू आहे. दाव्याची पहिली तपासणी कचेरींत होत नाहीं, ग्रामसभेंत होते; आणि पुराव्यांत गांवच्या वडीलधाऱ्यांची साक्षहि चालते. दळीच्या फाटक्या कागदाला आणि बांधाच्या दगडाला इतक्या वर्षांनीं असा मान मिळाला. सर्व दावे निकालांत निघाले असें नाहीं. पण विचारण्याची दिशा फिरली. आतां वाडीला तिच्या घरांतून काढावयाचें झाल्यास, तिची संमति सरकारला मागावी लागते. तीनशें वर्षांपूर्वींच्या आज्ञापत्रांतील फणसाच्या झाडाची आठवण येथें झाल्यावांचून राहत नाहीं.

आतां दोन मांडव शेजारीं शेजारीं ठेवून पाहावे. एक शहरांतून आलेल्या वऱ्हाडाचा. त्यांना रान हवें तें एका दिवसाच्या शोभेसाठीं. त्यांना नकार मिळाला तर हिरमोड होतो, पण कोणाची चूल विझत नाहीं; शोभेचें स्थळ दुसरेंहि सांपडतें. दुसरा रानाच्या कडेला वसलेल्या वाडीचा. तेथें मुलीचें लग्न तिच्या दारांतच लागणार. मुहूर्तमेढ रोवावयाची, वर टहाळ्या घालावयाच्या, बायकांनीं रात्रभर गाणीं म्हणावयाचीं, आणि सकाळीं देवराईंतल्या देवाला नारळ ठेवून यावयाचें. या मांडवाला पाहुण्याचा परवाना मागणें म्हणजे घरच्या माणसाला स्वतःच्या उंबरठ्यावर नांव विचारण्यासारखें आहे. एकाला नाहीं म्हणणें आणि दुसऱ्याला मोकळीक देणें यांत पक्षपात नाहीं; उलट दोघांना एकाच मापानें मोजणें हाच अन्याय. मात्र वाडीनेंहि हें ओळखलें पाहिजे कीं, चार मेढींची वहिवाट म्हणजे चाळीस झाडांची विक्री नव्हे. हक्क मिळाला तिथें राखणहि आली. वनहक्काच्या कायद्यानें ग्रामसभेवर हें कर्तव्य घातलेंच आहे.

पेण-रोह्याच्या रानानें आजवर आरमाराची, महसुलाची, शिकारीची आणि निसर्गाची अशी चार प्रकारची राखण पाहिली. शेवटची सर्वांत चांगली, कारण ती कोणा एका धन्यासाठीं नाहीं. पण राखणीचा हेतु चांगला म्हणून परवान्याची रीत आपोआप न्याय्य होत नाहीं. ज्याला रानावांचून चालतें त्यानें विचारून आंत जावें, आणि ज्याला रानावांचून चालत नाहीं त्याला विचारूनच राखणदारानें आपली हद्द आखावी. पुढच्या सुट्टींत फणसाडच्या फाटकाशीं नांव लिहितांना, त्या वहीच्या मागें चिरनेरच्या डोंगरावर सांडलेलें रक्त आहे, एवढी जाणीव पाहुण्यानें ठेवली, तर दिलेलें शुल्क त्याला जड वाटणार नाहीं, आणि मिळालेला नकारहि त्याला अपमान वाटणार नाहीं.